मोटारीपुढची पोलादी पट्टी

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे ग्रंथ इंजिनाविषयी, चाकांविषयी, रबरी धावांविषयी भरभरून बोलतात. बंपराच्या वाट्याला त्यांत क्वचितच एखादे पान येते. हे काहीसे स्वाभाविकही आहे. बंपर गाडी चालवीत नाही, थांबवीत नाही की वळवीतही नाही. तो नुसता पुढे उभा असतो, आणि ज्या दिवशी त्याचे काम पडते तो दिवस पुढे कोणालाच आठवावासा वाटत नाही. तथापि अमेरिकेत आज एखादा शेतकरी किंवा ठेकेदार आपल्या जड पिकअप गाडीचा कारखान्यातून आलेला बंपर काढून टाकतो आणि हजारापासून तीन हजार डॉलर मोजून त्या जागी जाड पत्र्याचा, ओबडधोबड दिसणारा पोलादी बंपर चढवितो, तेव्हा तो सव्वाशे वर्षांच्या एका वादात आपले मत नोंदवीत असतो. तो वाद असा : ही आडवी पट्टी नेमके कोणाचे रक्षण करण्यासाठी आहे? गाडीचे, गाडीत बसलेल्या माणसाचे, की गाडीसमोर येणाऱ्याचे? वरवर पाहता ही तिन्ही रक्षणे एकच वाटतात. वस्तुतः ती एकमेकांच्या आड येतात, आणि बंपराचा सारा इतिहास या आड येण्याचाच इतिहास आहे.

या पट्टीचे मूळ शोधायचे तर मोटारीच्या आधी आगगाडीकडे जावे लागते. इंग्लंडमध्ये लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना कुंपणे होती. अमेरिकेत लोहमार्ग मोकळ्या रानातून धावत होते आणि गुरे रुळांवर येऊन उभी राहत. न्यू जर्सीतील कॅम्डन अँड अँबॉय रेल्वेवर आयझॅक ड्रिप्स नावाचा तंत्रज्ञ होता. इंग्लंडहून सुट्या भागांत आलेले 'जॉन बुल' हे इंजिन त्यानेच जोडून उभे केले होते. १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याने या इंजिनापुढे चाकांवर चालणारी एक चौकट बसविली. रुळांवर आलेले जनावर बाजूस सारावे आणि इंजिन रुळांवरून घसरू नये, एवढाच तिचा हेतू. जनावराचे काय होते हा प्रश्न त्या चौकटीला विचारण्यात आला नव्हता. जनावर आणि यंत्र यांची गाठ पडली असता यंत्राने वाचावे हा विचार पोलादी बंपरात उतरला तो येथून.

मोटारीच्या बंपराचा जन्म मात्र निराळ्या वृत्तीतून झाला. मोराव्हियातील नेसेल्सडॉर्फ येथील कारखान्याने, म्हणजे पुढे टाट्रा या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कारखान्याने, १८९७ मध्ये 'प्रेसिडेंट' नावाची गाडी बांधली. समोर बंपर असलेल्या अगदी आरंभीच्या गाड्यांत तिची गणना होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सिम्स याने आपल्या गाडीला हवा भरलेल्या रबराचे बंपर बसविले. हा सिम्स मोठा गमतीचा मनुष्य होता. १९०२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने चिलखती पत्र्यांनी मढविलेली, तोफांनी सज्ज अशी युद्धमोटार लोकांपुढे मांडली होती. चिलखती मोटारींच्या इतिहासात तिचे स्थान अगदी पहिल्या ओळीत आहे. ज्याने युद्धासाठी पोलाद निवडले त्याच माणसाने शहराच्या रस्त्यासाठी रबर निवडावे, या गोष्टीकडे पुढच्या पिढ्यांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही.

अमेरिकेत बंपर प्रथम आला तो दुकानातून, कारखान्यातून नव्हे. १९०८ पासून १९२७ पर्यंत फोर्ड कंपनीने दीड कोटी 'टी' मोटारी बांधल्या. त्यांतील बहुतेक बंपरावाचूनच विकल्या गेल्या. ज्याला हौस किंवा गरज असेल त्याने बाहेरच्या दुकानातून दोन चपट्या लवचीक पोलादी पट्ट्यांचा बंपर घ्यावा आणि लोहाराकडून किंवा गॅरेजवाल्याकडून चौकटीला बसवून घ्यावा, असा रिवाज होता. म्हणजे आज ज्याला 'आफ्टरमार्केट', अर्थात विक्रीनंतर बाहेरून घेतलेला बंपर म्हणतात, तीच या वस्तूची मूळ स्थिती होय. त्या पट्ट्या गाडीच्या कमानींसारख्या स्प्रिंगच्या पोलादाच्या असत. धक्का बसला की वाकाव्यात आणि पुन्हा सरळ व्हाव्यात, अशी त्यांची घडण होती. त्या दिसायला साध्या होत्या. पण त्यांच्यामागचा विचार पुढच्या झगमगीत बंपरांमागच्या विचारापेक्षा अधिक शहाणा होता.

ही झगमग १९३० नंतर वाढत गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिला सीमा राहिली नाही. बंपरावर क्रोमचा मुलामा चढला. १९५० नंतरच्या दशकातील कॅडिलॅक गाड्यांच्या बंपरांवर तर तोफगोळ्यांसारखे शंकू उमटले. वजन भरपूर, चकाकी भरपूर, आणि उपयोग जवळजवळ शून्य. बारीकशा धक्क्यानेही तो महागडा दागिना वाकत असे आणि त्याच्यामागचा पत्राही चेपत असे. या काळाविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

खरी क्रांती जर्मनीत एका आरेखनाच्या फळ्यावर घडली. मर्सिडीज-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेनी याने १९५१ मध्ये एका पेटंटासाठी अर्ज केला. त्यातील कल्पना ऐकणाऱ्याला उलटीच वाटावी अशी होती. तोवर सारे जण समजत होते की गाडी जितकी भक्कम तितका आतला माणूस सुरक्षित. बारेनीचे म्हणणे असे की, माणूस बसतो ती मधली पेटी भक्कम असावी, परंतु तिच्या पुढचा व मागचा भाग मुद्दाम दुबळा ठेवावा. अपघातात तो चुरगळला पाहिजे. १९५९ मध्ये या तत्त्वावर बांधलेली मर्सिडीज गाडी बाजारात आली.

या उलट्या वाटणाऱ्या विचारामागे साधे गणित आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर तिचा वेग शून्यावर यायलाच हवा. प्रश्न एवढाच की तो किती अंतरात येतो. गाडीचे नाक साठ सेंटिमीटर चुरगळले, तर आतल्या माणसाला सरासरीने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सोळा पट जोराचा हिसका बसतो. तेच नाक भक्कम असल्यामुळे वीसच सेंटिमीटर दबले, तर तो हिसका तिपटीने वाढून पन्नास पटींच्या घरात जातो. गाडी कमी मोडली म्हणजे माणूस अधिक मोडला, असा हा व्यवहार आहे. अपघातानंतर आपल्या गाडीचे पुढचे पत्रे शाबूत पाहून जो मालक समाधान पावतो, त्याला हे गणित सहसा कोणी समजावून सांगत नाही.

आता बंपराच्या इतिहासात सरकारचा प्रवेश होतो. १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला. त्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या खात्याचे पहिले प्रमुख डॉ. विल्यम हॅडन हे पुढे, १९६९ मध्ये, विमा कंपन्यांनी चालविलेल्या हमरस्ता-सुरक्षा संस्थेचे अध्यक्ष झाले. माणसाच्या चालण्याच्या वेगाने झालेल्या धडकेतही क्रोमचे बंपर किती निरुपयोगी ठरतात आणि दुरुस्तीला किती डॉलर लागतात, हे या संस्थेने चाचण्या करून दाखविले. परिणामी १९७३ च्या गाड्यांपासून नवा नियम लागू झाला. ताशी पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर वेगाने समोरून धक्का बसला तरी दिवे, दरवाजे आणि इंधनाची व्यवस्था शाबूत राहिली पाहिजे. मागच्या बाजूस ही मर्यादा प्रथम अडीच मैलांची ठेवली आणि वर्षभराने तीही पाच मैलांवर नेली. याच वेळी बंपरांच्या उंचीलाही शिस्त आली. जमिनीपासून सोळा ते वीस इंचांच्या पट्ट्यात सर्व मोटारींचे बंपर एकमेकांना भिडले पाहिजेत, असे ठरले. दोन गाड्यांची टक्कर व्हायचीच असेल तर बंपराने बंपराला गाठावे, दाराला किंवा दिव्याला नव्हे, हा त्यामागचा हेतू. १९८२ मध्ये रेगन यांच्या राजवटीत पाच मैलांची अट पुन्हा अडीच मैलांवर उतरविण्यात आली.

परंतु या सगळ्या नियमावलीत एक भगदाड राहून गेले, आणि प्रस्तुत विषय त्या भगदाडातूनच आत येतो. हे बंपर-नियम फक्त प्रवासी मोटारींसाठी होते. पिकअप ट्रक हे कामाचे वाहन, शेतावरचे, बांधकामावरचे. त्याला हे लाड कशाला, असा समज. त्या काळी तो अगदीच चुकीचा नव्हता. फोर्डने १९२५ मध्ये टी मोटारीच्या मागे मालाची पेटी बसवून २८१ डॉलरांत पहिला कारखानी पिकअप विकला, तेव्हापासून ही गाडी गरजवंतांची होती. पुढे कित्येक वर्षे पिकअपचा मागचा बंपर ही जादा पैसे देऊन घ्यावयाची वस्तू होती. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस हीच कामाची गाडी अमेरिकी कुटुंबांची रोजची गाडी झाली, मुलांना शाळेत पोचवू लागली, आणि उंचीने व वजनाने वाढत गेली. नियम मात्र जेथे होता तेथेच राहिला. पिकअपचा बंपर किती उंचीवर असावा, त्याने किती धक्का सोसावा, याविषयी केंद्र सरकारचा तसा नियम नाही. काही राज्यांनी उंचीचे आपापले नियम केले आहेत, इतकेच.

जाड पोलादी बंपराची वंशावळ याच कामाच्या गाडीशी जुळते. दुसऱ्या महायुद्धातील जीप पाहिलेल्यांना तिचा बंपर आठवत असेल. ना मुलामा, ना वळण. चौकटीला थेट बोल्टांनी आवळलेला सरळसोट पोलादी पन्हळ. लष्करी ट्रकांच्या तोंडाला झाडाझुडपांपासून दिवे आणि रेडिएटर वाचविणारी सळ्यांची जाळी असे. युद्ध संपल्यावर डॉज कंपनीने आपल्या लष्करी गाडीची नागरी आवृत्ती 'पॉवर वॅगन' या नावाने विक्रीस काढली. तिच्या पुढच्या बंपराशी विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र, बसविण्याची सोय होती. चिखलात रुतलेली गाडी स्वतःलाच बाहेर काढू शकते हे पाहून रानावनात काम करणारे लोक हरखून गेले. भारतातही युद्धोत्तर जीपच आली. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनी विलीज जीपची जुळणी करू लागली आणि तो पन्हळी बंपर येथील तालुक्याच्या रस्त्यांवरही परिचयाचा झाला.

ऑस्ट्रेलियात या बंपराला आणखी एक कारण मिळाले, ते म्हणजे कांगारू. संध्याकाळच्या वेळी निर्जन रस्त्यावर उडी घेणारे हे जनावर रेडिएटर फोडते, आणि जवळचे गाव तीनशे किलोमीटरवर असेल तर फुटलेला रेडिएटर हा प्राणघातक अपघात ठरू शकतो. १९७५ मध्ये मेलबर्न येथे अँथनी रॉनल्ड ब्राउन यांनी अशा गाड्यांसाठी भक्कम बंपर घडविण्यास आरंभ केला. 'ए. आर. बी.' ही त्यांची कंपनी त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ओळखली जाते. अमेरिकेत कांगारूची जागा हरणाने घेतली. तेथे दरवर्षी दहा लाखांहून अधिक गाड्यांची जनावरांशी धडक होते, असे विमा कंपन्यांचे अंदाज सांगतात. टेक्सासमधील गुरांच्या कुरणांवर काम करणाऱ्यांना ड्रिप्सचा जुना प्रश्न पुन्हा पडला, आणि त्याचे जुनेच उत्तर जाड नळ्यांच्या व पत्र्यांच्या रूपाने तेथील लोहारशाळांतून बाहेर पडू लागले. या माणसाची गरज खोटी नव्हे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. पहाटे चार वाजता साठ मैल दूर असलेल्या कुरणाकडे निघालेल्याला हरणाच्या धडकेने वाटेत अडकून पडणे परवडत नाही.

मग त्याने बंपर निवडावा कसा? दुकानदार प्रथम पत्र्याची जाडी सांगतो, आणि गिऱ्हाईकही बहुधा तेवढेच विचारते. सामान्यतः तीन-षोडशांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर जाडीचा पत्रा यासाठी वापरतात. अशा पत्र्याचे वजन चौरस फुटामागे साडेसात पौंडांहून थोडे अधिक भरते. विंचची बैठक, नळ्यांची कमान आणि जोडपट्ट्या धरून पुढचा बंपर सहज तीनशे पौंडांवर, म्हणजे एकशे पस्तीस किलोंवर जातो. आणि हे वजन गाडीच्या मध्यावर पडत नाही. ते पुढच्या आसाच्याही पुढे लोंबत असते. जात्याच्या खुंट्याला लटकविलेल्या वजनासारखी तरफ येथे काम करते. दोन आसांमध्ये १६० इंच अंतर असलेल्या गाडीत आसाच्या ४० इंच पुढे चारशे पौंडांचा बंपर व विंच टांगले, तर पुढच्या आसावर चारशे नव्हे, पाचशे पौंड पडतात, आणि मागचा आस शंभर पौंडांनी हलका होतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरू लागली की याचा अर्थ कळतो. डिझेल इंजिनाच्या जड पिकअपमध्ये पुढच्या आसावर आधीच हजारेक पौंडांचे इंजिन बसलेले असते. आस किती भार सोसू शकतो हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. तो वाचून, गाडी वजनकाट्यावर नेऊन, मग बंपर घेणारे गिऱ्हाईक विरळा.

जाडीपेक्षा महत्त्वाची गोष्ट जोडाची आहे. बंपराचा पत्रा कितीही जाड असला तरी तो गाडीच्या चौकटीच्या दोन लांब तुळयांना ज्या पट्ट्यांनी धरलेला असतो त्या पट्ट्या व बोल्ट दुबळे असतील, तर सारे व्यर्थ. रुतलेली गाडी ओढण्यासाठी जे कडे असते ते बंपराच्या दर्शनी पत्र्याला नुसते डकविलेले आहे की पत्र्यातून आरपार जाऊन मागच्या जोडपट्टीला सांधलेले आहे, हे वाकून पाहावे लागते. विंच घ्यावयाचा तर तो गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट ओढणारा असावा, असा जाणत्यांचा संकेत आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा प्रदेशात रंगाखालचा पत्रा गंजतो. तेथे भट्टीत भाजलेल्या भुकटीच्या रंगापेक्षा जस्ताचा मुलामा अधिक टिकाऊ. आणि बंपराच्या जाळीतून रेडिएटरला पुरेसा वारा मिळतो की नाही हेही पाहावे लागते, कारण मागे भरलेला ट्रेलर जोडून घाट चढताना इंजिन तापले तर बंपर कितीही देखणा असला तरी गाडी उभीच राहते.

याच्यापुढे मात्र निवड अवघड होते. नव्या गाडीचा बंपर ही आता नुसती पट्टी राहिलेली नाही. तिच्यात जवळच्या वस्तूची चाहूल घेणारे संवेदक बसविलेले असतात. समोरच्या गाडीचे अंतर मोजून वेळप्रसंगी आपण होऊन ब्रेक लावणाऱ्या रडारची खिडकीही तेथेच असते. रडारच्या लहरी प्लॅस्टिकमधून पार जातात, पोलादातून जात नाहीत. म्हणून बंपर बदलणाऱ्याने रडारला मोकळी जागा ठेवली नाही, तर आदळण्याची तयारी भक्कम होते आणि आदळणे टाळण्याचे साधन आंधळे होते. एअरबॅगचा प्रश्न याहून नाजूक आहे. धडकेत गाडीचे नाक कोणत्या गतीने दबते यावरून एअरबॅग उघडावयाची की नाही हे ठरते, आणि ते गणित कारखान्याने मूळच्या बंपरावर बसविलेले असते. जाड पोलाद मध्ये आले की संवेदकाला मिळणारी वर्दी बदलते. काही बंपर-कारखाने याविषयी प्रत्यक्ष चाचण्या करतात; काही नुसताच 'एअरबॅगशी जुळणारा' असा शब्द छापतात. अमेरिकेत अशा बाहेरच्या बंपरांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र मानक नाही. ऑस्ट्रेलियात २००२ पासून त्यासाठी मानक आहे, आणि बंपराने पादचाऱ्याकडे धारदार कडा वा पुढे झुकलेल्या सळ्या करू नयेत हा त्यातला गाभ्याचा भाग आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये काढलेल्या निर्देशाने अशा जाळ्यांना पादचारी-चाचणीची अट घातली.

येथे जड पिकअपची आणखी एक विशेष गोष्ट नमूद केली पाहिजे. अमेरिकेत 'हेवी ड्यूटी' पिकअप म्हणजे गाडी व माल मिळून ८,५०० पौंडांहून अधिक वजनासाठी बांधलेली गाडी. समोरासमोरच्या धडकेत एअरबॅगची जी कसोटी लहान ट्रकांना सक्तीची आहे ती या वजनापाशी थांबते. कारखाने या गाड्यांत एअरबॅग बसवितात ते खरे. परंतु ज्या गाडीचा धक्का सर्वांत मोठा तिच्यावरच सरकारी कसोटीचा अंमल सर्वांत कमी, ही विसंगती अजून मिटलेली नाही.

या मोठ्या धक्क्याचा दुसरा पक्ष म्हणजे समोरची लहान मोटार. फोर्ड कंपनीने २००० सालासाठी 'एक्सकर्शन' ही प्रचंड गाडी आपल्या जड पिकअपच्या सांगाड्यावर बांधली, तेव्हा तिच्याच अभियंत्यांच्या लक्षात आले की धडकेत आपली लहान 'टॉरस' मोटार हिच्या बंपराखाली शिरेल. म्हणून पुढच्या बंपराखाली एक जादा आडवी तुळई बसविण्यात आली. तिचे काम स्वतःच्या गाडीचे रक्षण करणे नव्हते. समोरची मोटार खाली घुसू न देणे हे होते. एका कंपनीने परक्यांसाठी पोलाद वाहिले, असे बंपराच्या इतिहासातील हे दुर्मीळ उदाहरण होय. २००३ च्या डिसेंबरात बहुतेक कारखानदारांनी आपखुशीने करार केला की हलक्या ट्रकांचे धक्का सोसणारे भाग २००९ पर्यंत मोटारींच्या त्या जुन्या सोळा ते वीस इंचांच्या पट्ट्याशी जुळवून आणावयाचे. १९७० नंतरच्या दशकात राहिलेले भगदाड अशा रीतीने तीस वर्षांनी, कायद्याने नव्हे तर शब्दाने, थोडेसे बुजले. जो मालक गाडी सहा इंच उंच करवून घेतो आणि वर पोलादी बंपर चढवितो, तो ते भगदाड आपल्यापुरते पुन्हा उघडतो.

आणि तिसरा पक्ष पायी चालणारा. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले; २०२२ मध्ये हा आकडा साडेसात हजारांवर गेला. याची कारणे अनेक आहेत, आणि सारा दोष गाड्यांच्या तोंडवळ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि विमा कंपन्यांच्या त्याच हमरस्ता-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या गाड्यांच्या बॉनेटची कड जमिनीपासून चाळीस इंचांहून उंच आहे त्यांची धडक बसलेला पादचारी मरण्याचा संभव, तीस इंचांहून कमी उंचीच्या व उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत, सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी अधिक असतो. उतरत्या नाकाची मोटार माणसाच्या पायांना लागते आणि त्याला बॉनेटवर टाकते. उंच, उभ्या तोंडाची गाडी त्याच्या छातीला लागते, मूल असेल तर डोक्याला, आणि त्याला खाली पाडते. कारखान्याच्या बंपराच्या कवचामागे फेसाचा थर असतो तो या देहासाठीच काही अंशी उपयोगी पडतो. पावणेपाच मिलिमीटरचा पोलादी पत्रा कोणापुढेच वाकत नाही.

हा प्रश्न भारतात निराळ्या वेषात आला. येथे अमेरिकी धाटणीचे जड पिकअप फारसे नाहीत. पण जीपवजा आणि उंच गाड्यांच्या तोंडाला नळ्यांची कमान लावण्याची चाल १९९० नंतर शहरोशहरी पसरली. गॅरेजवाले तिला नुसते 'गार्ड' म्हणत. माळव्यात किंवा विदर्भात रात्री रस्ता ओलांडणाऱ्या नीलगाईचा अनुभव घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. पण इंदूर, वडोदरा किंवा पुण्याच्या भर बाजारपेठेत हिंडणाऱ्या गाडीला नीलगाय भेटण्याचा संभव तो काय? तेथे भेटतो तो सायकलस्वार, हातगाडीवाला, स्कूटरवर मागे बसलेली बाई. गार्ड लावण्यामागे गर्दीत गाडीला ओरखडा येऊ नये हीच चिंता अधिक होती, आणि रुबाबाची हौसही होती. ७ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून कळविले की अशा गार्डांमुळे पादचाऱ्यांना व गाडीतील माणसांनाही धोका संभवतो, ते बसविणे हा मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चा भंग आहे आणि त्याबद्दल कलम १९० व १९१ खाली दंड होऊ शकतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा अर्थ लावताना, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेत तिच्याशी विसंगत असा फेरबदल करता येणार नाही, असा निर्णय दिला.

दोन्ही देशांच्या कायद्यांची मांडणी शेजारी ठेवून पाहिली तर एक फरक चटकन डोळ्यांत भरतो. अमेरिकेच्या मोटार-सुरक्षा कायद्यात १९७४ मध्ये अशी तरतूद घालण्यात आली की, गाडीतील सक्तीचे सुरक्षासाधन जाणूनबुजून निकामी करण्यास कारखानदार, विक्रेता आणि दुरुस्ती करणारा यांना मनाई आहे. त्या यादीत गाडीच्या मालकाचे नाव नाही. दुकानदाराला जे करता येत नाही ते मालकाने आपल्या अंगणात, आपल्या हाताने, पाना घेऊन केले तर ही तरतूद त्याला हात लावीत नाही. भारताच्या अधिनियमातील कलम ५२ मात्र प्रथमच ज्याला उद्देशून बोलते, तो वाहनाचा मालक आहे.